लवू कसा गेला

माझा भाऊ लवू गेला तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि तो एकोणीस. साल तीस, मिठाच्या चळवळीचं. आमची वाडी मांडवीच्या पुढे, खडपाच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांच्या आडोशाला. सोळा घरं, अकरा होड्या. माझा बापूस आत्माराम होडीवर तांडेल होता, खलाशांचा म्होरक्या. आये मथुरा म्हावऱ्याची पाटी डोक्यावर घेऊन शहरातल्या बाजारात जायची. तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. वकिलांच्या बायकासुद्धा तिच्याशी घासाघीस करायच्या आधी पदर नीट करून घ्यायच्या.

लवू दिसायला तिच्यासारखा, पण तिची जीभ त्याला मिळाली नव्हती. कुणी चिडलं की तो हसायचा, आणि समोरचा आणखी चिडायचा.

चैत्र सरता सरता शहरातले काही लोक पांढऱ्या टोप्या घालून आमच्या पुळणीवर आले. समुद्राचं पाणी आटवून त्यांना मीठ करायचं होतं. भांडी आणली होती ती चहाच्या आधणाएवढी. लवूला हसू आलं. तो घरी आला आणि भात उकडायचा आमचा मोठा हंडा खांद्यावर टाकून निघाला.

"अरे मेल्या, हंडा कुठे नेतोस?" आये ओरडली.

"उद्या आणून देतो. मिठासकट देतो," तो म्हणाला.

मी सुक्या झावळ्यांची मोळी घेऊन त्याच्यामागून गेले. वाडीतली बरीच माणसं आली होती. आप्पा आले होते, ते आमच्या गावकीचे पुढारी. शेजारचा काशीराम होता. कुणाला त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण जत्रेसारखं वाटत होतं. हंड्यातलं पाणी आटत आलं, कडेला पांढरं धरायला लागलं, आणि लवूनं बोटानं काढून माझ्या जिभेवर ठेवलं. कडू लागलं.

मग पोलीस आले. फौजदार पुढे होता. त्यांनी चुली लाथांनी उडवल्या, टोपीवाल्यांना आणि आमच्यातल्याही काहींना मारत मारत ओढून नेलं. लवू पळाला असता तर पळू शकला असता. पण हंडा आयेचा होता. तो त्याच्यावर ओणवा झाला आणि दोन्ही हातांनी त्याला कवटाळून बसला. गरम हंडा, हात भाजत असणार. एका शिपायानं मागून त्याच्या डोक्यात लाठी घातली. एकदा, मग आणखी एकदा. मी दहा पावलांवर होते.

तो उठला आणि चालत घरी आला. कानामागून रक्त येत होतं, पण फार नव्हतं. "डोकं जड झालंय गो," एवढंच म्हणाला आणि पडवीत आडवा झाला. दुसऱ्या दिवशी त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. बापूस म्हणाला, इस्पितळात नेऊया. पण तिथे विचारणार, कुठे लागलं. वाडीतली सहा माणसं आधीच कोठडीत होती, त्यात काशीरामही होता. नेऊ, उद्या नेऊ असं करता करता तिसरा दिवस आला आणि दुपारी, ओहोटी लागली असताना, लवू आयेच्या मांडीवर गेला. शेवटी तो तिला ओळखतही नव्हता.

त्याआधीच पोलिसांनी आमच्या अकराही होड्यांची सुकाणं काढून चौकीत नेऊन टाकली होती. सुकाणाविना होडी म्हणजे पुळणीवर पडलेलं लाकूड. पाऊस यायला दीड महिना होता. तेवढ्या दिवसांत जे मिळेल ते सुकवून ठेवायचं आणि पुढचे चार महिने त्यावर काढायचे, अशी आमची रीत. सोळा घरांतल्या बायका रोज समुद्राकडे बघत बसायच्या. म्हावरं समोर उड्या मारत होतं.

लवूला पोचवून आल्यावर दोन दिवसांनी फौजदार एकटाच आला. ओरडला नाही. एका होडीच्या कडेवर बसला, टोपी काढली, घाम पुसला.

"पोर गेलं असं ऐकलं. वाईट झालं," तो आप्पांना म्हणाला. "पोरं कालवं काढायला खडपावर जातात. शेवाळ असतं. पाय घसरतो, डोकं आपटतं."

त्यानं टोपी परत डोक्यावर घातली.

"असंच झालं ना?"

आप्पांनी वाळूकडे बघितलं. मग म्हणाले, "असाच झाला, सायेब."

त्या संध्याकाळी जबानीवर अंगठे घेतले. पहिला अंगठा माझ्या बापसाचा, कारण पोर त्याचं. दुसऱ्या दिवशी सहाही माणसं सुटून आली आणि सुकाणं गाडीतून परत आली.

आप्पांनी सगळ्यांना देवळात बोलावलं. देवीपुढे नारळ ठेवला आणि घराघरातल्या मोठ्या माणसांनी एकेक करून त्याच्यावर हात ठेवून म्हणायचं असं ठरलं, की लवू खडपावरनं पडून गेला.

"दुसरा कायव बोलायचा नाय," आप्पा म्हणाले. "बाजारात नाय, घरात नाय, झोपेतसुद्धा नाय. एकाचा शब्द फुटला तर सगळी वाडी बुडंल."

बापसानं हात ठेवला. मग आयेची पाळी आली. ती उठलीच नाही.

"माझ्या लेकाला लाठीनं मारला. तो माझ्या मांडीवर गेला."

"मथुरा, मी तिथंच होतो. मला ठाव नाय काय?" आप्पा म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते, हे मला सांगायलाच हवं. "पण सोळा घरांच्या चुली हायत."

"पेटवा की चुली. कोण नको म्हणतो? पण त्यांची राख माझ्या तोंडात घालू नका."

ती देवळातून निघून आली. दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन बाजारात गेली आणि जो मासे घ्यायला येईल त्याला सांगायला लागली, माझा लेक असा गेला. चार दिवसांत ते फौजदाराच्या कानावर गेलं. त्यानं काही विचारलं नाही. दोन होड्यांची सुकाणं परत नेली, बस्स. त्या होड्या कुणाच्या, याच्याशी आयेचा काही संबंध नव्हता. तिसऱ्या दिवशी गावकीनं आम्हाला वाळीत टाकलं.

वाळीत म्हणजे काय, ते ज्यानं भोगलं त्यालाच कळतं. विहिरीवर आमची कळशी बंद झाली. आम्ही वर कातळावरच्या झऱ्यावर जायचो. रापणीत सगळी वाडी मिळून जाळं ओढते आणि सगळ्यांना वाटा मिळतो, तो आमचा बंद झाला. बापसाच्या हाताखाली कुणी होडीवर चढेना. शिमग्यात देवीची पालखी घरोघर नाचते. ती आमच्या दारच्या खळ्यापाशी आली की वाजंत्री थांबायची आणि पालखी पुढे जायची. आये ओटीची तयारी करून ताट हातात घेऊन उभी असायची. पहिली दोन वर्षं.

माझं लग्न ठरलेलं होतं, ते मोडलं. माझी मैत्रीण कमळा वाटेत समोर आली की माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत जायची. एकदा पाणंदीत आम्ही दोघीच होतो. ती जमिनीकडे बघत भराभर म्हणाली, "चिमे, मी तुझ्याशी मनात बोलते हां," आणि पळाली. त्या वर्षी माझ्याशी वाडीतलं कुणी बोललं असेल तर तेवढंच.

गावकीनं बापसाला सांगून पाहिलं, तू अंगठा दिला आहेस, बायकोला माहेरी पाठव, तुला परत घेतो. त्यानं तिला पाठवलं नाही. पण आयेच्या बाजूनं बोललाही नाही. दिवसभर पडवीत बसून कुणाचीतरी फाटकी जाळी शिवत बसायचा. शेजारच्या गावची माणसं आणून टाकत. आये बोलायला लागली की त्याचा हात थांबायचा, ती गप्प झाली की पुन्हा चालू व्हायचा.

आणि वाडीत लवूची गोष्ट वाढत गेली. आधी ती एका ओळीची होती. मग त्यात कालवं काढायचा कोयता आला. मग भरतीची वेळ आली. एक दिवस मी झऱ्यावरून येत होते तर काशीराम खडपावर चार पोरांना घेऊन बसला होता. "हितनं गेला लवू. मी हाक मारली होती, अरे पुढं नको जाऊ म्हणून. त्यानं वळून बघितलं न् हसला. तेवढ्यात पाय सुटला." सांगताना त्याचे डोळे भरून आले होते. मी आडोशाला उभी राहून ऐकलं. लवू गेला त्या दिवशी काशीराम कोठडीत होता. पण तो खोटं बोलत नव्हता. त्याचा चेहरा मी पाहिला. त्याला ते दिसत होतं.

चौतीस साली बापूस हिवतापानं गेला. शेवटच्या दिवसांत शुद्धीत असायचा तेव्हा आयेकडे बघत राहायचा. एकदा म्हणाला, "मी अंगठा दिला नसता तर लवू परत आला असता काय गो?"

"नाय," आये म्हणाली. तिनं त्याचं तोंड पुसलं. "पण आपल्याजवळ राहिला असता."

बापसाला पोचवायला भागोजीमामा दोन मुलांना घेऊन खाडीपलीकडून आला. तीन खांदे झाले. चौथा आयेनं दिला. वाटेवरच्या घरांची दारं लागलेली होती. एका दारामागून कुणीतरी बाई हुंदके देऊन रडत होती, पण दार उघडलं नाही.

मी एकवीस वर्षांची झाले. आमच्यात त्या वयाच्या बाईला तीन पोरं असतात. मामानं एक स्थळ आणलं, जानू नावाचा खलाशी, गरीब स्वभावाचा. त्याच्या घरच्यांची एकच अट होती. मुलीच्या वाडीनं आधी तिच्या घराला परत घ्यावं.

आयेनं सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं, "आये, मला नको लग्न. आपण दोघी राहू."

"मी मेल्यावर तू कुणाशी बोलशील?" ती म्हणाली.

तीन दिवस तिनं चूल पेटवली, पेज केली, मला वाढली. चौथ्या दिवशी सकाळी न्हाली, धुवट लुगडं नेसली आणि म्हणाली, "चल."

मामानं निरोप घातला होता, देवळात सगळी वाडी जमली होती. आप्पा थकले होते, त्यांना धरून आणलं होतं. नारळ मांडला. आयेनं त्याच्यावर हात ठेवला. मला वाटलं, एवढ्यावर भागेल. पण आप्पांनी मान वर केली आणि हळू आवाजात विचारलं, "सांग मथुरा. पोर कसा गेला?"

त्यांना तिला छळायचं नव्हतं. रीतच तशी होती.

आयेनं देवीकडे पाहिलं. मग सांगायला लागली. त्या दिवशी सकाळी पेज पिऊन निघाला, म्हणाली. मी म्हटलं, आज अमावस्या, आज नको जाऊ. तर हसला. माझाच कोयता घेऊन गेला, लाकडी मुठीचा. कालवं माझ्यासाठीच आणायला गेला होता, मला आवडतात म्हणून. शेवाळ ओलं होतं. मी पाटी उतरवत होते तेव्हा हाक ऐकू आली. मी धावले. उचलला तर डोकं असं मागं पडलं. पाणी मागितलं त्यानं. मी ओंजळीनं पाजलं. घोट उतरायच्या आत गेला.

सहा वर्षं सगळी वाडी ही गोष्ट सांगत होती, पण अशी कुणाला सांगता आली नव्हती. बायका मोठ्यानं रडायला लागल्या. आप्पा लहान पोरासारखे रडले. कमळा धावत आली आणि आयेच्या गळ्यात पडली, मग दुसरी, मग तिसरी. सहा वर्षांत घरच्यांखेरीज तिला कुणी हात लावला नव्हता. त्या गर्दीत मला तिचा फक्त हात दिसत होता, नारळावरचा. तो तिनं अजून उचलला नव्हता.

माझं लग्न झालं. वाडीनं मांडव घातला. मी खाडीपलीकडे नांदायला गेले. जानू भला माणूस निघाला. मी त्याला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "माझा विश्वास आहे. पण माझ्या आवशीपुढे बोलू नको." सासूपुढे मी कधी बोलले नाही.

आये एकटी राहिली, पण घर कधी रिकामं नसे. संध्याकाळी बायका येऊन बसायच्या, पान खायच्या आणि म्हणायच्या, मथुराबाय, लवूचं सांग. ती सांगायची. नाही सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी काही म्हटलं नसतं. पण सहा वर्षांनी माणसं पडवीत येऊन बसत होती. ती दर खेपेला सांगायची.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले तेव्हा साल अडतीस होतं. मुंबईला काँग्रेसचं राज्य आलं होतं. तो फौजदार कधीच बदलून गेला होता. एक दिवस शहरातून एक तरुण गृहस्थ वही घेऊन आले. चळवळीत ज्यांना मार बसला, जे गेले, त्यांची नावं ते गोळा करत होते. त्यांच्याकडे एका टोपीवाल्याची लेखी हकिकत होती. आमच्या पुळणीवर त्या दिवशी एका कोळ्याच्या पोराच्या डोक्यात लाठी बसताना त्यानं पाहिलं होतं, पण नाव त्याला ठाऊक नव्हतं.

गृहस्थ आधी वाडीत हिंडले. काशीरामनं त्यांना खडपावर नेऊन जागा दाखवली. मग ते आमच्या पडवीत आले. मी आतून गुळपाणी आणलं. मला वाटलं, आला. आठ वर्षांनी का होईना, विचारणारा आला.

"आजी, आता भ्यायचं कारण नाही," ते म्हणाले. "कुणाला काही होणार नाही. तुमचा मुलगा कसा गेला?"

"कालवं काढायला गेला होता," आये म्हणाली.

आणि तिनं सगळं सांगितलं. पेज, अमावस्या, लाकडी मुठीचा कोयता. ते लिहीत नव्हते, नुसते ऐकत होते.

"नाही, असं नाही झालं," मी म्हटलं. "मी तिथे होते. त्याला पोलिसानं मारलं. हंड्यावर ओणवा झाला होता तो."

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, मग आयेकडे. दाराशी जमलेल्या बायकांमध्ये कुजबुज झाली. आये शांतपणे म्हणाली, "लहान होती ती. भाऊ गेला तसं तिनं मनाला लावून घेतलं. तिच्याकडे लक्ष देऊ नका."

त्यांनी माझं सांगणं लिहून घेतलं, पण लिहिताना त्यांचा हात जड झाला होता. आई एक सांगते, गाव एक सांगतं, आणि पोटुशी मुलगी दुसरंच. जाताना ते म्हणाले, "बाई, मी प्रयत्न करतो. पण ते बहुधा 'नाव अज्ञात' असंच राहील." नमस्कार करून ते गेले.

बायका पांगल्या. मी आयेजवळ बसले. मला संताप आला होता, पण तिचा चेहरा पाहिला आणि तो टिकला नाही. ती गोंधळलेली दिसत होती.

"आये, आता कसली भीती? का नाही सांगितलंस?"

"मी काय खोटं बोलले?" ती म्हणाली. मग खालच्या आवाजात, "चिमे, मी डोळे मिटते तेव्हा मला खडपच दिसतो गो. दुसरं काय होतं ते मी पुष्कळ शोधते. येत नाय. तुला येतं ना? तर मला सांग. नीट सांग."

मी सांगितलं. सगळं सांगितलं. टोपीवाल्यांची छोटी भांडी, तिनं मारलेली हाक, मिठासकट देतो म्हणालेला लवू. जिभेवरचं कडू मीठ. लाठी कशी बसली आणि तिचा आवाज कसा आला. तो चालत घरी आला, पडवीत इथेच निजला, तीन दिवस कसे गेले, आपण त्याला इस्पितळात नेलं नाही. कुणालाही नव्हतं सांगितलं तितकं मी तिला सांगितलं. दिवस कलला होता, खाली पुळणीवर रापण ओढणाऱ्यांचा हाकारा चालला होता.

तिनं एकदाही मला अडवलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ती पुसत नव्हती. मला वाटलं, आठवतंय तिला. माझं सांगून झाल्यावर ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली,

"कुणाच्या आवशीच्या वाट्याला असं येऊ नये गो. तीन दिवस म्हणजे किती हाल. आपला लवू तरी एका क्षणात सुटला."

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्या उत्तराची वाट पाहत होती.

"हो आये," मी म्हटलं. "एका क्षणात."